गुरुवारचा बाप

माझी मुलगी फार गमतीदार बोलते, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. फरक एवढाच की सगळ्यांनी ते तिच्या तोंडून ऐकलेलं असतं आणि मी आमच्या घरमालकांच्या.

तेव्हा आम्ही थेरगावात राहत होतो, डांगे चौकातून आत वळल्यावर एका गल्लीत. तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं. घरमालक मूळ गावातले. ती इमारत आणि शेजारच्या चार-पाच इमारती उभ्या आहेत तिथे एके काळी त्यांचा ऊस होता. आता पंच्याहत्तरीला आलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि दिवसभर गेटच्या आत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची, म्हणून मी आणि बायकोही आजोबाच म्हणायला लागलो.

माझी नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. बायको चिंचवडच्या एका शाळेत शिकवते, तिला यायला संध्याकाळ व्हायची. मुलगी चार वर्षांची, तिचा बालवर्ग दुपारी सुटायचा. मधला वेळ ती खाली असायची. आजोबांची सून तिला जेवू घालायची, आणि जेवण झालं की ही चार वर्षांची बाई आपलं छोटं स्टूल ओढत ओढत गेटपाशी न्यायची आणि आजोबांच्या खुर्चीला चिकटवून बसायची. मग बोलणं सुरू व्हायचं. दिवसभराचं जेवढं बोलणं तिच्यात असेल तेवढं सगळं तिथे सांडून मोकळं व्हायचं.

फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीची बस मला चौकात सोडायची. पाठीवर सॅक, गळ्यात आयकार्ड, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. गेटमध्ये पाय टाकला की आजोबा हात वर करून मला अडवायचे.

“थांबा इंजिनेर. आज तुमच्या बाईसाहेब काय म्हनल्या ठावं हाय का?”

मला कुठून ठाऊक असणार? मी दिवसभर चाकणला ब्रॅकेटची भोकं मोजत होतो.

“आवं, दुपारी म्या दात काढून वाटीत ठिवलं हुतं. तर मला म्हनती,” आणि इथे ते आधीच हसायला लागायचे, खोकला यायचा, डोळे पुसायचे, आणि मी सॅक पाठीवर घेऊन माझ्याच मुलीच्या वाक्याची वाट बघत उभा. “मला म्हनती, आजोबा, तुम्ही झोपल्यावर हे दात वाटीत एकटेच हसत असतील का?”

मी हसलो. हसण्यासारखंच होतं. पण हसता हसता पोटात कुठेतरी दुखलं, आणि ते दुखणं मी ओळखलं. ऑफिसात आपण राबलेल्या कामाचं कौतुक दुसऱ्याच्या वाट्याला गेलं की जे दुखतं, तेच. वाक्य ताजं असताना ते आजोबांनी ऐकलं होतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा ते संध्याकाळचं झालं होतं, त्यावर एकदा हसून झालं होतं.

मुलगी तिथेच उभी असायची. माझ्या हातातली डब्याची पिशवी काढून घेत असायची. मी वाकून विचारलं, “असं म्हणालीस तू?”

“हो.”

“मला सांग ना परत.”

“ते एकदाच म्हणायचं असतं,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना चढायला लागली.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात असं रोज. एक दिवस समोरच्या प्लॉटवर नवीन बांधकामाला पाणी मारत होते. पाइप धरून माणूस ओल्या भिंती भिजवत होता. हिनं म्हणे बराच वेळ ते बघितलं आणि मग आजोबांना समजावलं की पाणी घालतात म्हणून ती बिल्डिंग वाढते आहे. तुमच्या बिल्डिंगला लहानपणी कोणी पाणी घातलं नाही, म्हणून ती तीन मजल्यांवरच राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर उसाला पाणी दिलं त्याला हे ऐकायला मिळालं. एकदा शाळेला निघताना सकाळच्या आकाशात चंद्र दिसला, तर गेटपाशी ती आजोबांना म्हणाली, चांदोबाचा ओव्हरटाइम चाललाय. अहो, ओव्हरटाइम मी करतो! शब्द माझा, घाम माझा, आणि वाक्य लाल खुर्चीच्या वाट्याला.

कंपनीच्या बसमध्ये मी हे सगळं सांगायचो. माणसं खिदळायची. शेजारच्या सीटवरचा म्हणायचा, “राव, तुझी पोरगी लई भारी आहे.” मी बापाच्या रुबाबात मान डोलवायचो, आणि आतून मला माहीत असायचं की माझ्याजवळचा सगळा माल उसनवारीचा आहे.

बायकोला यातलं काही टोचत नव्हतं. तिची तक्रार वेगळी होती. मुलगी ‘हो’ऐवजी ‘व्हय’ म्हणायला लागली होती आणि बायको शिक्षिका. पण त्या ‘व्हय’नंही मलाच जास्त झोंबलं. माझं गाव लातूरकडचं. माझ्या आईची बोली वेगळी, माझी वेगळी. यातलं एक अक्षर पोरीच्या जिभेवर आलं नाही. आलं ते थेरगावचं.

“तू जळतोस,” बायको म्हणाली. “पंच्याहत्तर वर्षांच्या माणसावर जळतोस. कमाल आहे तुझी.”

“जळतो,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

आता हे नीट कळायला आमचा गुरुवार समजून घ्यावा लागेल. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कधीकाळी विजेची ओढाताण होती म्हणून एकेका भागाला एकेक वार वाटून दिला होता म्हणे. वीज आली, पण वार तोच राहिला. त्यामुळे गुरुवारी मी घरी आणि बायको, मुलगी शाळेत. रविवारी त्या दोघी घरी, एकमेकींच्या केसांना तेल लावत, आणि मी चाकणच्या बसमध्ये. एका घरात राहून आमचे वार जुळत नव्हते. नवीन लग्न झालं तेव्हा याची गंमत वाटायची. गुरुवारी सगळीकडे गर्दी कमी असते, बँकेत लगेच काम होतं, असं आम्ही लोकांना सांगायचो.

तरी गुरुवारची दुपार माझी होती. मुलीला शाळेतून मी आणायचो. बाइकवर पुढे बसवायचो आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं रहाटणीवरून वळसा घालून यायचो, म्हणजे तिला बोलायला वेळ मिळेल.

“आज काय झालं शाळेत?”

“काही नाही.”

“बाईंनी काय शिकवलं?”

“तेच.”

“तो टेम्पो बघ केवढा मोठा. कसा दिसतोय?”

“टेम्पोसारखा.”

कपाळाला हात. पुढे आइस्क्रीम घेऊन दिलं. तिनं मन लावून खाल्लं. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, आता काहीतरी पडेल, आता पडेल. आइस्क्रीम पडलं, फ्रॉकवर. वाक्य नाही पडलं. घरी आलो, बाइक थांबते ना थांबते तोच ती टाकीवरून सरकून खाली उतरली आणि धावत स्टूल आणायला गेली.

मी वर गेलो आणि गॅलरीत उभा राहिलो. खाली दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. रस्त्यावरून पाण्याचा टँकर, रिक्षा, भंगारवाला. तिचे हात चालले होते. आजोबांनी एकदम मान मागे टाकली आणि खुर्ची हलेपर्यंत हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ बादली घेतली, फडकं घेतलं आणि बाइक धुवायचं निमित्त करून पार्किंगमध्ये उतरलो. गेटपासून चार पावलांवर. कान टवकारून चाकं घासू लागलो.

बोलणं थांबलं.

मी वर बघितलं. मुलगी माझ्याकडेच बघत होती. “बाबा, तू वर जा ना,” ती म्हणाली. “आम्ही बोलतोय.”

आजोबा आभाळाकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी कुठे काय, मी गाडी धुतोय. आणि धुतच राहिलो. पुढच्या गुरुवारीही धुतली, त्याच्या पुढच्याही. माझ्या बाइकइतकी स्वच्छ बाइक त्या गल्लीत दुसरी नव्हती. बायको म्हणाली, आता रंग निघेल तिचा. पण दर वेळी माझी बादली दिसली की पोरीचा आवाज खाली यायचा, आजोबांच्या कानाशी जायचा, आणि माझ्या हाती फक्त साबणाचं पाणी.

एकदाच माझं नशीब फळफळलं होतं, आणि तेही वाया गेलं. पावसाळ्यात मला ताप आला. चांगला सणकून, सगळ्या शहरात साथ होती. मी काही दिवस बिछान्यावर होतो, मधे रविवारही आला. मुलगी माझ्या उशाशी ठाण मांडून बसली होती. बाहुलीचं फडकं ओलं करून माझ्या कपाळावर ठेवायची आणि बोलायची. खूप बोलली म्हणे. बायको सांगते, सकाळपासून तोंड बंद नव्हतं, स्टुलाकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मला त्यातला एक शब्द आठवत नाही! अंगात आग, कानात भणभण. तिनं सगळं माझ्यापुढे ओतलं तेव्हाच मी शुद्धीवर नव्हतो. बरा झालो आणि कामावर गेलो. संध्याकाळी आजोबांनी गेटवर विचारलं, “बरं हाय का आता?” त्या दिवशी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. किंवा तसं ते म्हणाले.

मग कंपनीत फॅमिली डे आला. वर्षातून एकदा आमच्याकडे घरच्यांना बोलावतात, प्लँट दाखवतात, जेवण असतं, मुलांना टोप्या. पोरांना सुट्टी म्हणून तो रविवारी ठेवतात. मी दोन आठवडे आधीपासून हवा केली होती. बसमधली सगळी मंडळी तिला बघायला टपलेली. शेजारच्या सीटवरचा तर आपल्या बायकोला घेऊन समोर आला. “हीच का ती? बोल गं काहीतरी. बाबा तुझं रोज सांगतो.”

मुलगी माझ्या पायामागे गेली. टोपी डोळ्यांवर ओढली. आम्ही सगळे गोल करून उभे. शेवटी ती पुढे आली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “आजोबांना का नाही आणलं?”

“वा, आजोबांची लाडकी,” शेजारच्या सीटवरच्याची बायको म्हणाली. मी मूग गिळून जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटवर हात वर झाला. “थांबा इंजिनेर. तुमच्या कंपनीत लोखंडी हात हाय म्हनं? वेल्डिंग करनारा?”

आहे. तो रोबो मी तिला काल दाखवला होता. मी दाखवला, उचलून खांद्यावर घेऊन. ठिणग्या उडत होत्या, तेव्हा ती गप्प बसून बघत होती. “आवडला का?” मी विचारलं होतं. “हो,” एवढंच.

“मला सांगत हुती,” आजोबा म्हणाले, आणि या वेळी ते हसले नाहीत. “म्हनली, आजोबा, तो हात थांबतच नाही. त्याला घरी कोणी बोलवत नाही ना, म्हणून.”

मी जिना चढून वर गेलो आणि बूट न काढता बसून राहिलो. वाक्य चांगलं होतं, फार चांगलं होतं. माझ्या प्लँटमध्ये, माझ्या खांद्यावर बसून सुचलेलं होतं. आणि ती ते रात्रभर सांभाळून घेऊन गेली त्यांच्यासाठी.

मोशीच्या पुढे आम्ही फ्लॅट घेतला होता, त्याचा ताबा हिवाळ्यात मिळाला. चाकण जवळ पडणार, बसमधला वेळ वाचणार, हप्ते चालूच होते, सगळी कारणं खरी होती. पण सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. जिंकल्यासारखं वाटत होतं. आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, गुडघे धरून. मुलीनं त्यांना बजावलं, “स्टूल इथेच ठेवा. आत नेऊ नका.” ते म्हणाले, “व्हय बाय, न्हाई नेत.” टेम्पो निघाला. मी मागे वळून बघितलं नाही.

नवीन घर सातव्या मजल्यावर. दुपारी सोसायटीतलंच पाळणाघर. तिथे खेळणी भरपूर आणि आजोबा कोणी नाही. दोन-तीन दिवस मुलगी मुकाट होती. मी धीर धरला. एका संध्याकाळी मी तिला घेऊन लिफ्टनं वर येत होतो. ती बटणांकडे बघत होती. आणि अचानक, मी काही न विचारता, म्हणाली, “बाबा, या लिफ्टला किती कंटाळा येत असेल ना. दिवसभर सगळ्यांना घरी सोडते आणि तिला गेटपर्यंतसुद्धा जाता येत नाही.”

मला! ताजं, गरम, पहिल्या धारेचं. मी तिथेच लिफ्टमध्ये तिला उचलून घेतलं. सातवा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, मी तसाच. तेवढ्यात तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“हे आजोबांना सांग हं. विसरशील. फोनवर नको, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. गुरुवारी तुला सुट्टी असते ना, तिथे जाऊन सांग.”

म्हणजे मी आता पोस्टमन. तरी म्हटलं, चालेल. पत्र आधी माझ्या हातात येतंय ना? वाचायला तर मलाच पहिल्यांदा मिळतंय. त्यानंतर ती रोज काही ना काही बोलायची, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी तोच पत्ता. गुरुवारी सकाळी मी बाइक काढली आणि थेरगावला गेलो.

आजोबा तसेच बसले होते. शेजारी स्टूल, त्यावर पेपर. मी पेपर उचलून स्टुलावर बसलो, गुडघे हनुवटीला लागले. लिफ्टचं सांगितलं. जरा सावकाश, जरा रंगवून सांगितलं, कबूल करतो. ते हसले नाहीत.

“तुमाला सांगितलं तिनं? सोताहून?”

“हो. लिफ्टमध्ये. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.”

“नशीबवान हाय राव तुमी,” ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला बरोबर ओळखता आलं. इतके महिने मी तोच चेहरा घेऊन या गेटमधून आत जात होतो. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

मग ते खाकरले. “माज्याकडंबी हाय की.”

“काय?”

“तुमाला न सांगितलेलं. सगळं कुटं सांगितलंय म्या? दिवसभर टकळी चालू असायची तिची. त्यातलं निम्म्याच्या वर तुमचंच. बाबा असं करतो, बाबा तसं करतो, बाबाच्या बुटाला कसला वास येतो. ऐकून ऐकून कान किटलं माजं. गुरवारी तर दुसरा इषयच न्हाई, म्हून तुमाला वर धाडायची ती. त्ये सगळं म्या ठिवून घेतलं.”

“पण का?” मी जवळजवळ ओरडलोच.

“का म्हंजी? बसायची माज्यापाशी, आन गुन गायची तुमचं. वर त्ये तुमालाच नेऊन देऊ व्हय? माजी चार नातवंडं ह्याच बिल्डिंगीत वाढली. मोबाइलमधनं मान वर करून येकानं कवा मला काय इचारलं असंल तर शपथ. ह्येच येक लेकरू हुतं.” आणि मग, जरा दमानं, “दुखायचं पोटात.”

इतके दिवस ज्याच्यावर मी जळत होतो तो माझ्यावर जळत बसला होता, माझ्यापासून चार पावलांवर. दोघंही एकमेकांच्या वाटणीकडे डोळे लावून.

“द्या मग आता,” मी म्हणालो.

“फुकाट न्हाई. तुमी येक आनायचं, मी येक देनार.”

तसा आमचा व्यवहार सुरू झाला. दर गुरुवारी मी नवीन एक घेऊन जायचो, ते जुनं एक काढून द्यायचे. पक्के होते. मी दोन दिली तरी ते एकच द्यायचे, मागचं पुढचं बघून. पहिलं दिलं ते असं, की माझा बाबा एवढा मोठा झाला तरी रोज बसनं शाळेत जातो, त्याला पास करतच नाहीत, पण तो रडत नाही. दुसरं, की बाबा झोपला की मी त्याचं आयकार्ड गळ्यात घालते, मग मी बाबा होते, पण तेवढा वेळ झोपलेला कोण असतो ते मला कळत नाही. मी परतीच्या वाटेवर हेल्मेटच्या आत एकटाच हसायचो.

आणि एका गुरुवारी त्यांनी हे दिलं. “तुमी गाडी धुवायला बसायचा बगा, तवाचं हाय. माज्या कानात म्हनली, मी गाडी असते ना आजोबा, तर बाबानं मला दर गुरुवारी आंघोळ घातली असती.”

मी काही हसलो नाही. गेटबाहेर बाइक उभी होती, चकचकीत. तिच्यावर पोरगी जळत होती आणि मी तिच्यामागे लपून पोरीचं बोलणं चोरत होतो. मला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली.

“आजून येक हाय,” आजोबा म्हणाले. “पर त्ये न्हाई देत.”

“का?”

“बापाला सांगन्यासारखं न्हाई.”

मी तीन नवीन देतो म्हटलं. पुढच्या गुरुवारी चार. ते बधले नाहीत. शेवटी मी नुसताच बसून राहिलो, उठेचना. सुनेनं चहा आणून दिला, तो पिऊन झाला. तेव्हा ते म्हणाले, “तुमाला ताप आलता, आठवतं का? तुमी बरं झाला आन कामावर गेला त्या दिशीचं हाय. मी म्हनलं, बरं झालं बाय, बाबा बरा झाला. तर तिनं स्टूल जवळ वढलं. मग म्हनली, आजोबा, देवाला सांगा ना, बाबाला परत ताप येऊ दे. ताप आला की तो रविवारीपण घरी असतो.”

रस्त्यावरून एक कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली.

“मग? सांगितलंत तुम्ही देवाला?”

“न्हाई. मी म्हनलं, देव माजं ऐकत न्हाई, तूच सांग. तर म्हनली, मी सांगितलंय, पण मी लहान आहे.”

तापात ती माझ्याशी काय काय बोलली ते मला कधीच कळणार नव्हतं. पण हे आता कळलं होतं. बाइकवरून घरी येताना मला सारखं वाटत होतं की हे त्यांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. आणि हेही कळत होतं की त्यांच्या जागी मी असतो तर आजही सांगितलं नसतं.

त्या रविवारी पहाटे मी कंपनीत फोन केला. अंगात ताप आहे, येता येत नाही. सुपरवायझर म्हणाला, काळजी घ्या. बायकोनं एक भुवई वर केली आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेली. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडून राहिलो. उजाडल्यावर मुलगी डोळे चोळत बाहेर आली आणि मला बघून दारातच थांबली.

“आज रविवार आहे,” ती म्हणाली.

“हो. मला ताप आलाय.”

ती जवळ आली. कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच्या कपाळावर, मग परत माझ्या. क्वालिटीचा माणूसही इतकं तपासत नाही. “नाहीये,” ती म्हणाली.

“आहे गं.”

“व्हय?”

“व्हय,” मी म्हणालो.

तिनं थोडा वेळ विचार केला. मग जाऊन बाहुलीचं फडकं भिजवून आणलं, नीट न पिळता, आणि माझ्या कपाळावर ठेवलं. पाणी कानात गेलं. मी हललो नाही. ती पांघरुणात शिरून माझ्या दंडावर डोकं ठेवून पडली, छताकडे बघत, आणि बोलायला लागली. दुपारपर्यंत बोलत होती. या वेळी मी शुद्धीवर होतो, मी सगळं ऐकलं. एकदा तर ती असं काही म्हणाली की मला तोंड भिंतीकडे वळवावं लागलं. आणि ते सांगून झाल्यावर ‘आजोबांना सांग’ असं ती म्हणाली नाही. मी वाट बघितली. नाहीच म्हणाली.

गुरुवारी मी थेरगावला गेलो. पेपर उचलला, स्टुलावर बसलो. आजोबा खुर्ची जरा पुढे ओढून तयार.

“हां इंजिनेर. काय म्हनली ह्या आठवड्यात?”

“काही नाही,” मी म्हणालो. “या आठवड्यात काही विशेष नाही बोलली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडाचं बोळकं हळूहळू पसरलं, कारण दात त्या दिवशीही वाटीतच होते.

“ठिवा,” ते म्हणाले. “ठिवून घ्या.”